बाणाची दांडी व फळाचें वजन
(स्त्री, पुरुष व नपुंसक या शरभेदांचा विदर्भांतील वेळूच्या साह्यानें विचार)

शार्ङ्गधरपद्धति या सुभाषितसंग्रहांत धनुर्वेदाचें एक प्रकरण आहे. त्यांत बाणांचे स्त्री, पुरुष व नपुंसक असे तीन भेद सांगितले आहेत. ज्याचा पुढचा भाग जाड तो बाण स्त्री, ज्याचा मागचा भाग जाड तो पुरुष, आणि जो सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा दृढ वेध करतो व तिसरा लक्ष्य साधण्यास प्रशस्त, असे त्यांचे उपयोगही ग्रंथकारानें दिले आहेत. रत्नशास्त्रांत हिऱ्याचेही स्त्री, पुरुष, नपुंसक असेच भेद केलेले आढळतात. यामुळें शरभेदाचें हें वचन वाचणारा बहुधा असें समजतो कीं, आपल्या शास्त्रकारांस वर्गीकरणाची जी हौस होती तिचाच हा एक नमुना असावा, आणि तो पुढें जातो. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. हा भेद कवीनें कल्पिलेला नसून बाण करणाऱ्या कारागिराच्या हातांतून आलेला आहे, त्याचा संबंध बाणाच्या तोलाशीं आहे, आणि वेळूच्या कोणत्या टोंकास फळ बसवावें या अगदीं व्यावहारिक प्रश्नाचें तें उत्तर आहे, असें येथें दाखवावयाचें आहे.

आधीं ग्रंथाविषयीं थोडें. शार्ङ्गधरानें हा संग्रह इ. स. १३६३ मध्यें पुरा केला. त्याचा पितामह राघवदेव हा चाहमान राजा हम्मीर याच्या पदरीं होता. ग्रंथाचें मुद्रण पीटर पीटरसन यांनीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १८८८ मध्यें केलें. यांतील धनुर्वेदाचीं पुष्कळ वचनें वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंतही येतात, व अग्निपुराणाच्या २४९ ते २५२ या अध्यायांत त्याच विद्येचा आणखी एक प्रवाह आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचा आयुधागाराध्यक्षाचा अध्याय या सर्वांहून जुना. तो ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें छापून काढीपर्यंत पंडितांच्या हातीं नव्हता, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकांत धनुर्विद्येवर जें लिहिलें गेलें त्यांत त्याचा उपयोग झालेला नाहीं. हे सर्व ग्रंथ युद्धासाठीं लिहिलेले आहेत, शिकारीसाठीं नव्हेत. मृगयेचें विस्तृत वर्णन पाहावयाचें तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासाकडे वळावें लागतें. परंतु राजा शिकार कशी करतो हें सांगणारा ग्रंथ बाण कसा घडवावा हें सांगेलच असें नाहीं. घडणीचा विचार करतांना धनुर्वेदाचाच आधार घ्यावा लागतो.

आतां मूळ मुद्दा. संस्कृतांत 'अग्र' या शब्दाचे दोन अर्थ येथें एकमेकांवर येऊन आदळतात. झाडाचें अग्र म्हणजे शेंडा, मूळ म्हणजे बुंधा. बाणाचें अग्र म्हणजे फळाकडचें टोंक. वेळू असो वा शराचें गवत असो, निसर्गतः त्याचा बुंध्याकडील भाग जाड असतो व शेंड्याकडे तो निमुळता होत जातो. मग ग्रंथकार ज्याला अग्रस्थूल म्हणतो तो बाण कसा निपजतो? वेळूचें अग्र कधींच स्थूल नसतें. तेव्हां अर्थ एकच उरतो: वेळूचें मूळ तें बाणाचें अग्र करावयाचें, म्हणजे बुंध्याकडच्या टोंकास फळ बसवावयाचें व शेंड्याकडच्या टोंकास दोरीची खांच पाडावयाची. असा बाण स्त्री. त्याच वेळूचें तुकडें उलट धरलें, शेंड्याकडे फळ व बुंध्याकडे खांच, कीं पुरुष झाला. जाडीचा फरक रंधून, तासून काढून टाकला, किंवा जाड वेळू चिरून त्याच्या पट्टींतून दांडी वाटोळी केली, कीं नपुंसक. तीन बाणांस तीन प्रकारचीं झाडें लागत नाहींत, तीन प्रकारची जाडी शोधीत फिरावें लागत नाहीं. एकच दांडी हातांत घेऊन ती कोणीकडे वळवावी एवढाच प्रश्न आहे. कारागिराच्या दृष्टीनें याहून स्वाभाविक वर्गीकरण दुसरें कोणतें असणार?

या वळवण्यानें किती फरक पडतो तें मोजून पाहण्यासारखें आहे. ग्रंथांत बाणाची लांबी दोन हातांस एक मूठ कमी अशी दिली आहे. हात २४ अंगुळांचा म्हणजे सुमारें १८ इंचांचा धरला तर ही लांबी ३० ते ३३ इंच येते. सोयीसाठीं ३० इंचांची दांडी घेऊं व तिचें वजन २ तोळे धरूं. तोळा १८० ग्रेनचा व मासा त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे १५ ग्रेनचा. दांडी सर्वत्र सारखी असेल तर तिचा तोल मध्यावर, १५ इंचांवर येतो. तिच्या टोंकास ८ माशांचें लोखंडी फळ बसविलें (आजचे पाश्चात्य शिकारी १२५ ग्रेनचें फळ सर्रास वापरतात, तें याहून केवळ पांच ग्रेननें जड), तर तोल खांचेपासून पावणेएकोणीस इंचांवर जातो. म्हणजे मध्यापासून पावणेचार इंच पुढें, लांबीच्या साडेबारा टक्के. फळ ४ माशांचें केलें तर हा आंकडा सुमारें ७ टक्क्यांवर उतरतो, आणि पुरा एक तोळा केलें तर १६ टक्क्यांच्या वर चढतो. पिसें व वेष्टन यांचें वजन या हिशेबांत धरलेलें नाहीं.

आतां फळ तेंच ठेवून दांडी निमुळती घेऊं. एका टोंकाची जाडी दुसऱ्या टोंकाच्या सव्वापट आहे असें समजूं; हातभर वेळूंत एवढा फरक सहज असतो. दांडी भरीव असेल तर केवळ या निमुळतेपणानें तिचा स्वतःचा तोल मध्यापासून एका इंचाहून थोडा अधिक सरकतो. जाड टोंक पुढें धरल्यास ८ माशांच्या फळासह बाणाचा तोल मध्याच्या पुढें १५ टक्क्यांवर येतो, जाड टोंक मागें धरल्यास तो साडेनऊ-पावणेदहा टक्क्यांवरच राहतो. सारख्या जाडीच्या दांडीवर एवढाच फरक पाडावयाचा म्हटलें तर फळाच्या वजनांत पावणेपांच माशांची वाढ करावी लागेल. लोखंड विकत घ्यावें लागतें. वेळू उलटा धरण्यास कांहीं खर्च नाहीं. जंगलांत राहणाऱ्या, लोखंडाचा तुकडा जपून वापरणाऱ्या धनुर्धराच्या लक्षांत ही गोष्ट न येईल हें शक्य नाहीं.

स्त्री-बाण दूर कां जातो, याचें उत्तर येथेंच मिळतें. तोल पुढें असलेला बाण धनुष्यांतून सुटल्यावर लवकर सरळ होतो, त्यास स्थिर ठेवण्यास लहान पिसें पुरतात, आणि पिसें जितकीं लहान तितका वाऱ्याचा अडथळा कमी. बाण सुटतांना सरळ जात नाहीं, तो धनुष्याच्या दांड्याभोंवतीं वांकून, सापासारखा डुलत निघतो. ही गोष्ट डोळ्यांनीं दिसत नाहीं. अमेरिकेंत डॉ. एल्मर यांनीं या कोड्यास नांव दिलें व पुढें हिकमन, क्लॉप्स्टेग प्रभृतींनीं १९३० च्या सुमारास वेगवान छायाचित्रांच्या साह्यानें त्याचा उलगडा केला. त्यांतून निघालेला नियम असा कीं, धनुष्य जितकें कडक तितकी दांडी ताठ हवी, आणि फळ जड केलें किंवा दांडी लांब ठेवली तर तीच दांडी अधिक लवते. म्हणून फळाचें वजन व दांडीचा ताठपणा हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहींत. एक बदलला कीं दुसरा बदलावा लागतो. आमच्या ग्रंथकारांनीं ताठपणाचें माप दिलेलें नाहीं. तथापि अति जाड व अति बारीक असे दोन्ही शर वर्ज्य सांगून त्यांनीं त्याच्या दोन्ही सीमा आंखून ठेविल्या आहेत.

पुरुष-बाणाचा प्रश्न मात्र अवघड आहे. आज धनुष्यानें शिकार करणाऱ्या पाश्चात्यांपैकीं एक पक्ष आग्रहानें म्हणतो कीं खोल घुसावयास तोल पुढें हवा, फळ जड हवें. शार्ङ्गधराचें वचन याच्या उलट दिसतें. तें वेधाचें काम मागें जाड असणाऱ्या बाणाकडे देतें. मग ग्रंथकार चुकला कीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. येथें 'दृढम्' या शब्दाकडे पाहावें. तो क्रियाविशेषण घेतला तर 'जोरानें भेदतो' असा अर्थ होतो, कर्म घेतला तर 'कठीण वस्तु भेदतो' असा होतो. सामान्यतः पहिला अर्थ घेतला जातो. दुसरा घेतला तर सर्व जुळतें. ढाल, कवच, फळी अशा कठीण वस्तूंत फळ शिरतें तेव्हां तें आपल्या रुंदीएवढेंच भोंक पाडतें. मागून येणारी दांडी त्या भोंकापेक्षां जाड असेल तर ती तेथेंच अडते. फळाच्या लगत बारीक असेल तर विनासायास आंत सरकते. पुरुष-बाणाची दांडी फळाशीं बारीक व खांचेशीं जाड असते, म्हणून तो कठीण वस्तु भेदण्यास योग्य. हरणाच्या अंगांत ही अडचण नाहीं, कारण रुंद पात्याचें फळ कातडें व मांस कापीत जातें व दांडीस वाट मोकळी करून देतें. म्हणजे पाश्चात्य शिकारी मांसाविषयीं बोलत आहेत आणि आमचा ग्रंथकार कवचाविषयीं. दोघांचें भांडण नाहीं.

या अर्थास ग्रंथांतूनच पुष्टि मिळते. त्याच प्रकरणांत फळांचीं नांवें व त्यांचीं कामें दिलीं आहेत. आरामुख चामड्यासाठीं, सूचीमुख कवचासाठीं, अर्धचंद्र मस्तकासाठीं, भल्ल हृदयासाठीं, काकतुंड लोखंडासाठीं, गोपुच्छ लक्ष्यासाठीं. कोणतें फळ कोणत्या वस्तूस, असा हा विचार आहे. असा विचार करणारा लेखक दांडीच्या बाबतींत तरी वस्तूचा विसर कसा पाडील? गोपुच्छाविषयीं तर तो सांगतो कीं त्याचा एक प्रकार शुद्ध लांकडाचा करून त्याच्या मुखाशीं तीन अंगुळांचा लोखंडी कांटा बसवावा. सरावासाठीं लोखंड वांचविण्याची ही युक्ति वाचून कोणत्याही काटकसरी माणसास आनंद होईल.

फळाच्या वजनाविषयीं सर्वांत मोलाचें वचन मात्र कौटिल्याचें आहे. बाणांची मुखें कापणारीं, भेदणारीं व ताडण करणारीं अशीं तीन कामांचीं असतात, आणि तीं लोखंडाचीं, हाडाचीं व लांकडाचीं असतात, असें तो म्हणतो. यांतील ताडण करणारें मुख म्हणजे बोथट मुख. युद्धांत बोथट बाणाचा उपयोग थोडा. झाडावरचा पक्षी किंवा लहान जनावर कातडें व पिसें न फाडतां पाडावयाचें असेल तर मात्र बोथट लांकडी मुखासारखें साधन नाहीं, आणि मध्यप्रांताच्या जंगलांतील लोक पक्ष्यांसाठीं असेच बाण वापरीत आले आहेत. त्यांत एक सोयही आहे: टोकदार बाण चुकला तर फांदींत रुततो व हातचा जातो, बोथट बाण खालीं पडतो. लांकूड लोखंडाहून पुष्कळच हलकें असल्यामुळें हें मुख ठोकळ्यासारखें मोठें ठेवावें लागतें, नाहीं तर तोल मागें जाऊन बाण भरकटतो. राजाच्या आयुधागाराची यादी करतांना कौटिल्यानें शिकाऱ्याच्या भात्यांतील बाण त्यांत ठेवला, यावरून त्या काळीं दोन्हीं भात्यांत आजच्यासारखें अंतर नव्हतें असें म्हणावें लागतें. त्याच अध्यायांत धनुष्याच्या दोऱ्यांच्या यादींत वेळूची दोरीही आहे. वेळूच्याच कामट्याची दोरी लावलेलें वेळूचें धनुष्य गोंड व भिल्ल यांच्या हातीं अलीकडच्या काळापर्यंत होतें, हें येथें लक्षांत ठेवावें.

दांडी निवडण्याचे जे नियम ग्रंथांत आहेत ते विदर्भांतील वेळूस लावतांना मात्र जपावें लागतें. शर अपक्व नसावा, वाईट जमिनींतला नसावा, त्याच्या गांठी कमी वा फुटलेल्या नसाव्या; तो पूर्ण गांठींचा, पिकलेला, पांढुरका व योग्य समयीं आणलेला असावा; जाडी करंगळीएवढी असावी. यांतील पिकलेला व समयीं आणलेला या दोन अटी सर्वत्र खऱ्या. पावसाळ्यांत तोडलेल्या वेळूंत रस असतो व त्यास भुंगा लागतो, म्हणून पाऊस सरल्यावर, आणि आमच्याकडील समजुतीप्रमाणें कृष्णपक्षांत, वेळू तोडतात. कोवळा वेळू वाळल्यावर सुरकुततो व वांकतो. तिसऱ्या वर्षाचा चांगला. परंतु करंगळीएवढी जाडी आमच्या वेळूस चालणार नाहीं. चांदा, गडचिरोली, भंडारा या भागांत जो वेळू मुख्यत्वें होतो त्यास मानवेल म्हणतात. तो जवळजवळ भरीव असतो. त्याची अर्ध्या इंचाची, ३० इंच लांब दांडी केली तर तिचेंच वजन पांच-सहा तोळे भरेल, व वेळूच्या साध्या धनुष्यानें ती फार दूर जाणार नाहीं. दोन तोळ्यांची दांडी हवी तर जाडी पाव इंचाहून थोडीच अधिक ठेवावी लागेल. यावरून ग्रंथकाराच्या डोळ्यांपुढें पोकळ शराचें कांडें होतें हें उघड होतें. शर हें गवताचें नांव व तेंच बाणाचें नांव. संस्कृत भाषेनें साधनाची उत्पत्ति शब्दांतच जपून ठेविली आहे. ज्या जातीच्या पोकळ काडीचा बोरू करून आमच्या लेखकांनीं पोथ्या लिहिल्या, तिच्याच भाऊबंदांपैकीं हें गवत.

'वाईट जमिनींतला नको' या अटीचेंही तसेंच. शराच्या गवतास ती योग्य असेल. मानवेल मात्र खडकाळ, कोरड्या उतारावर वाढला म्हणजेच बारीक, भरीव व ताठ होतो. ओलसर सखल जमिनींत तो जाड व पोकळ होतो. पोथींतलें वचन हातांत धरून रामटेकच्या किंवा चिमूरच्या डोंगरांत जाणारा पंडित नेमका चांगला वेळू टाकून वाईट वेळू घेऊन येईल.

भरीव व पोकळ या भेदाचा परिणाम फळाच्या घडणीवरही होतो. पोकळ कांड्यांत फळाची शेपटी खुपसून वरून तांतीनें आवळतां येते. ग्रंथांत पिसें स्नायूंच्या दोऱ्यांनीं बांधावयास सांगितलीं आहेत, तीच रीत येथेंही लागू. भरीव दांडीस शेपटी बसवावयाची तर आधीं भोंक पाडावें लागतें व त्यांत दांडी चिरण्याची भीति. म्हणून तिला नळीचें, वरून टोपीसारखें बसणारें फळ सोयीचें. लोहारास नळी वळविण्याचें काम अधिक, पण नळीमुळें पुढचें वजन आपोआप वाढतें. जेथें फळ एकटेंच हातीं लागतें तेथें त्याची शेपटी वा नळी पाहून दांडी कोणत्या जातीची होती याचा अंदाज बांधतां येतो, आणि नळीचें आंतील माप म्हणजे दांडीच्या टोंकाची जाडी हें तर निश्चितच.

हा विचार नागपूरकरांनीं विशेष मनावर घेण्यासारखा आहे. नागपूरच्या भोंवतीं शिलावर्तुळांचें एक मोठें क्षेत्र पसरलें आहे. जुनापाणी येथील वर्तुळें रिव्हेट-कार्नाक यांनीं १८६७ च्या सुमारास उकरलीं व त्यांची हकीकत १८७९ मध्यें प्रसिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथें डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखालीं उत्खननें झालीं. नायकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टीही सांपडली. हे लोक ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतले. त्यांच्या दफनांत घोड्यांचे लगाम, कुऱ्हाडी, छिन्न्या यांबरोबर बाणांचीं लोखंडी फळेंही मिळालीं आहेत. या फळांचें आज वजन करून त्यावरून धनुष्याचा विचार करणें मात्र धोक्याचें. लोखंड गंजलें कीं त्यांत बाहेरचें द्रव्य मिसळून तें फुगतें, कधीं झडून हलकें होतें. अडीच हजार वर्षांपूर्वीं लोहारानें तें किती माशांचें केलें होतें हें आजचा तराजू सांगूं शकत नाहीं. नळीचें माप त्या मानानें अधिक विश्वासाचें, पण तेंही गंज बेतानें काढल्यावरच.

दांडी तर कोठेंच उरत नाहीं. म्हणून जुन्या फळांचा अर्थ लावण्यास जिवंत परंपरेंतील बाणच उपयोगी पडणार, आणि ही परंपरा आतां संपत आली आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्यें टाकळघाटाहून परततांना नदींत बुडून मरण पावले. त्यांचे गोंडादि लोकांविषयींचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापले. रसेल व रायबहादुर हिरालाल यांचे चार खंड १९१६ मध्यें निघाले. या थोर संशोधकांचें लक्ष भाषा, दैवतें, कुळी, लग्नविधि यांकडे होतें व तें योग्यच होतें. बाणाचा तोल कोठें पडतो हें विचारण्याचें त्यांस प्रयोजन नव्हतें. पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला व १९९१ च्या दुरुस्तीनें शिकार जवळजवळ सर्वस्वीं बंद झाली. जनावरांच्या दृष्टीनें हें इष्टच झालें. पण त्यामुळें बाण घडविण्याचें ज्ञान हातांतून हातांत जाण्याचें थांबलें, आणि जे बाण उरले ते १८६३ मध्यें स्थापन झालेल्या नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयांत, किंवा कोणा हौशी गृहस्थाच्या भिंतीवर.

येथें एक आक्षेप येईल. शार्ङ्गधराचा संबंध चाहमानांच्या दरबाराशीं, आणि तुम्ही पुरावा काढतां गोंडांच्या वेळूंतून. या दोहोंचा मेळ कसा? उत्तर असें कीं आम्ही गोंडांनीं शार्ङ्गधर वाचला असें म्हणत नाहीं, किंवा शार्ङ्गधरानें गोंडांपासून विद्या घेतली असेंही म्हणत नाहीं. वेळूचा बुंधा जाड व शेंडा बारीक ही गोष्ट दोघांस सारखीच. तुर्की धनुर्धरांनीं दूर पल्ल्याचे बाण मध्यें फुगीर व दोन्हीं टोंकांस बारीक केले. जपानी कारागीरही वेळूच्या दांड्यांचे सारख्या जाडीच्या, निमुळत्या व मध्यें फुगीर अशा तऱ्हा करतात. दांडीच्या जाडीचा उपयोगाशीं संबंध आहे हें ज्या ज्या लोकांनीं धनुष्य जिवापाड वापरलें त्या सर्वांस कळलेलें दिसतें. आमच्याकडे मध्यें फुगीर दांडीचा भेद कां सांगितला नाहीं, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. तशी दांडी रंध्यानें मुद्दाम घडवावी लागते; आमचे तीन भेदांपैकीं दोन निसर्गानें आयते दिलेले, आणि माझ्या दृष्टीनें हीच गोष्ट वरील उपपत्तीस सर्वांत अनुकूल आहे.

मोडी दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस येथें एक सूचना द्यावीशी वाटते. मराठेशाहीच्या कागदांत 'बाण' शब्द आला कीं तो धनुष्याचा बाण असें समजूं नये. बहुत ठिकाणीं तो दारूचा बाण असतो, म्हणजे लोखंडी नळींत दारू ठासून बांबूस बांधलेलें अग्न्यस्त्र. या बाणासही बांबूची दांडी असते व तीही तोल राखण्यासाठींच असते, म्हणून घोटाळा अधिक होतो: यादींत बांबू व लोखंड शेजारीं शेजारीं दिसले कीं वाचणाऱ्यास तिरकमठ्याचें साहित्य भासतें. धनुष्याचा बाण बहुधा तीर या नांवानें येतो व तो सोडणारा तिरंदाज म्हणून. भोंसल्यांच्या कागदांतून धनुर्विद्येचे उल्लेख वेंचतांना या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास, दारूखान्याचा खर्च तिरंदाजांच्या नांवावर पडावयाचा.

ज्यांच्या संग्रहीं जुने बाण आहेत त्यांनीं काय पाहावें हें सांगणें आतां सोपें आहे. संग्रहालयांच्या यादींत बहुधा लांबी, फळाचा आकार व प्राप्तिस्थान एवढेंच नोंदतात. त्यांत चार गोष्टींची भर घालावी: पुरें वजन, बाण बोटावर आडवा धरला असतां तोल खांचेपासून किती इंचांवर येतो, दोन्हीं टोंकांची जाडी, आणि बुंधा कोणीकडे आहे. ही चौथी गोष्ट तासलेल्या दांडीवरही ओळखतां येते. वेळूच्या प्रत्येक गांठीशीं कोशाचें पान गळून गेल्याची एक बारीक कडा असते, आणि डोळा किंवा फांदीची खूण नेहमीं त्या कडेच्या वर, शेंड्याच्या बाजूस असते. दोन गांठी तपासल्या कीं शंका उरत नाहीं. फळ सुटें झालें असेल तर तें डिंकानें पुन्हां चिकटवूं नये. सुटें असतांनाच त्याचें व दांडीचें वजन वेगवेगळें करून घ्यावें, कारण तशी संधि पुन्हां येत नाहीं. गंज घासून चकचकीत करण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. घासलेल्या फळाचें वजन म्हणजे घासणाऱ्याच्या उत्साहाचें माप.

पोथ्यांच्या संग्राहकांकडेही एक मागणें आहे. शार्ङ्गधरपद्धतीच्या किंवा धनुर्वेदसंहितेच्या ज्या हस्तलिखितांत शरलक्षणाजवळ समासांत टिपण आहे, मग तें मराठींत असो, हिंदींत असो कीं अशुद्ध संस्कृतांत असो, त्याची नक्कल प्रसिद्ध व्हावी. अशा टिपणांत 'मूळ पुढें' किंवा 'शेंडा पुढें' एवढे दोन शब्द जरी मिळाले तरी वरील विवेचनाचा निकाल लागेल. अग्र या शब्दावर कोणी प्राचीन वाचकानें फळ असें लिहिलें आहे कीं शेंडा असें, हें पाहावें. शेंडा असें निघालें, तर स्त्री व पुरुष यांची अदलाबदल करावी लागेल, आणि दूर जाणारा बाण तोल मागें असलेला कसा, हें नव्यानें समजावून द्यावें लागेल.